व्यक्तीची हालचाल

देपांगेरांच्या झाडाची परीक्षा घ्यायला ओंदिना व्हिझिंतिन आली, तेव्हा त्या खोलीत कुणी तिला बसायला खुर्चीसुद्धा दिली नाही. खुर्च्या होत्या. एकीवर मिलोयका ग्रुडेन यांचा कोट होता, दुसरीवर लिव्हिओ क्रेव्हातिन यांची पिशवी, आणि दोघांपैकी कुणालाही आपली वस्तू उचलावीशी वाटली नाही. ओंदिनाने खिडकीच्या कट्ट्यावर लॅपटॉप उघडला आणि उभ्याउभ्याच कामाला लागली.

इटलीच्या सीमेवरच्या ट्रिएस्टेतल्या त्या संस्थेने दुसऱ्या महायुद्धातली घरगुती पत्रं गोळा केली होती. बंदरावरच्या वस्तीतली, शहरातली, वर कार्स्टच्या पठारावरच्या खेड्यांतली. काही इटालियन, काही स्लोव्हेन, पुष्कळशी दोन्हींची खिचडी. सगळी संगणकात घालून झाली होती आणि आता त्यांना खुणा करणं चाललं होतं. पत्रातलं एखादं वाक्य निवडायचं, ते कशाबद्दल आहे ते एका ठरलेल्या वर्गरचनेत शोधायचं आणि तो वर्ग त्या वाक्याला चिकटवायचा. ही व्यक्ती, हे ठिकाण, ही घटना. घटनेच्या पोटात मृत्यू, मृत्यूच्या पोटात अपघात, हत्या, देहदंड. फांदीला फांदी फुटत गेलेली ही रचना प्रोफेसर तुल्लिओ देपांगेर यांनी उमेदीची सगळी वर्षं घालून उभी केली होती. शास्त्रात तिला ऑन्टॉलॉजी म्हणतात. संस्थेत सगळे तिला झाडच म्हणत.

खर्च उचलणाऱ्या प्रतिष्ठानाला आता जाणून घ्यायचं होतं, की माणसं हे झाड प्रत्यक्षात वापरतात कशी. दोघांनी एकच पत्र वेगवेगळं बसून वाचलं, तर त्यांच्या खुणा जुळतात का? आणि न जुळल्या तर दोष वाचणाऱ्याचा की झाडाचा? ओंदिनाचा धंदा हाच होता. निकाल चांगला लागला, तर हे झाड इतर देशांतल्या संग्रहांनाही दिलं जाणार होतं, देपांगेरांच्या नावासकट.

देपांगेरांनी तिच्या नेमणुकीला लेखी हरकत घेतली होती, आणि त्यांचं कारण खोटं नव्हतं. ओंदिना एकेकाळी त्यांचीच विद्यार्थिनी. तिचा प्रबंध अर्ध्यावर असताना त्यांनी भर वर्गात सांगितलं होतं, की ही मुलगी मजकूर वाचत नाही, नुसती चाळते; हिला मार्गदर्शन करण्यात मला रस नाही. ती उठून गेली ती उदिनेला, तिथून जर्मनीत, आणि इतरांच्या वर्गरचना तपासण्यात तिने नाव कमावलं. प्रतिष्ठानाने हरकत फेटाळली, कारण तिच्याइतकं बारीक काम करणारं दुसरं कुणी मिळेना. पहिल्या दिवशी जिन्यात समोरासमोर आल्यावर देपांगेर तिला "तुम्ही" म्हणाले. विद्यार्थिनी असताना ते तिला "तू" म्हणत. तिला हा फरक टोचला, आणि आपल्याला टोचला याचाच जास्त राग आला.

खोलीतली दोन माणसं एकमेकांशी बोलत नसत. मिलोयकाबाई पठारावरच्या एका खेड्यातल्या. स्लोव्हेन शाळेत आयुष्यभर इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या. लिव्हिओ क्रेव्हातिन बंदरावर जकात खात्यात होते. त्यांचे आईवडील युद्धानंतर युगोस्लाव्हियात गेलेलं इस्ट्रिया सोडून, मागे घरदार टाकून या शहरात आले होते. दोघांना घेतलं होतं ते जुनी अक्षरं आणि जुन्या बोली कळतात म्हणून. मुद्दाम दोन बाजूंचे घेतले, असं देपांगेर प्रतिष्ठानाला अभिमानाने सांगत. दोघं पाठीला पाठ लावून बसत. काही सांगायचं झालं, तर ओंदिनाकडे बघून सांगत.

"मास्तरीणबाईंना विचारा, खिडकी बंद करणार का," लिव्हिओ म्हणत.

"कस्टमवाल्या साहेबांना सांगा, थंडी वाजत असेल तर खिशातली ती चपटी बाटली काढा," मिलोयकाबाई भिंतीकडे बघत म्हणत.

ओंदिनाशी तरी ती दोघं कुठे बरी वागत होती? लिव्हिओंनी दुसऱ्याच दिवशी विचारलं, की व्हिझिंतिन हे आडनाव आजोबा कसं लिहायचे, झेडवर तो छोटा मुकुट काढून की तसंच? म्हणजे मूळचे तिकडचे, स्लाव्हच ना तुम्ही, नाव बदलून घेतलेले? मिलोयकाबाईंनी हे ऐकलं आणि त्या म्हणाल्या, ज्यांनी नाव बदललं त्यांच्यापेक्षा फॅसिस्टांच्या काळात ज्यांनी ते बदलायला लावलं त्यांची नातवंडं जास्त चौकशी करतात. ओंदिना पुढचं पत्र उघडून वाचायला लागली. तिच्या घरी आजोबांचं मूळ आडनाव फक्त भांडणात निघायचं.

बाईंच्या रागाचं मूळ तिला हळूहळू कळलं. त्यांच्या खेड्यात चव्वेचाळीस साली जर्मनांनी ओलीस धरलेल्या पुरुषांना भिंतीपाशी उभं करून गोळ्या घातल्या होत्या. त्यांत बाईंचे काका होते. त्या घटनेचं एक पत्र संग्रहात होतं, आणि लिव्हिओंनी त्याला वर्ग लावला होता देहदंड.

"देहदंड म्हणजे आधी कोर्ट बसावं लागतं," बाई ओंदिनाला म्हणाल्या. "या माणसाने माझ्या काकाला कोर्टात उभं केलं. साठ वर्षं मी ती भिंत बघतेय, तिथे मला एकही न्यायाधीश दिसला नाही."

लिव्हिओंचं म्हणणं, पत्रात 'शिक्षा झाली' असे शब्द आहेत आणि आपण लिहिणाऱ्याचे शब्द पाळतो. ते अगदी शांतपणे बोलले. त्या शांतपणानेच बाईंच्या कपाळावरची शीर उठली.

अशा दोघांच्या खुणा जुळणार कशा? ओंदिनाची अपेक्षा होती की माणसं आणि ठिकाणं जुळतील आणि घटनांपाशी सगळं फाटेल. अशी फाटकी जागा सापडली की तिथेच रचनेचा दोष कळतो. तिला तीच हवी होती. मनातल्या मनात तिने अहवालाची भाषाही जुळवायला घेतली होती.

पण पहिल्या फेरीचे आकडे आले आणि ती चक्रावली. घटनांच्या फांदीवरही जुळणी जवळजवळ पूर्ण होती. जे दोघं खिडकीवरून एकमत करत नव्हते, ते मे पंचेचाळीसच्या पत्रांवर एकमताने बोलत होते. युगोस्लाव्ह सैनिक शहरात शिरले तो महिना. निम्म्या शहराला तो आजही सुटकेचा वाटतो आणि उरलेल्या निम्म्याला कब्ज्याचा.

तिने त्याच महिन्यातलं एक पत्र उघडलं. एका बाईने बहिणीला लिहिलेलं. पहाटे ट्रक आला, ब्रूनोला पायजम्यावरच चढवलं, बूट मी मागून फेकले पण एकच आत पडला. ब्रूनो परत आला असा उल्लेख पुढच्या कुठल्याच पत्रात नव्हता. 'ट्रकवर चढवलं' या शब्दांवर दोघांचीही एकच खूण होती: व्यक्तीची हालचाल.

ओंदिनाने ते मिलोयकाबाईंना दाखवलं. बाईंनी चष्मा वर केला, खाली केला.

"हे मी लिहिलेलं नाही."

"तुमच्या नावावर आहे."

"असेल. मी अटक लिहिलं होतं. हा ब्रूनो पोलिसांचा खबऱ्या होता, पुढच्या दोन पत्रांत आहे ते. अटक. मला चांगलं आठवतं, कारण मला दिवसभर जेवण गेलं नव्हतं."

लिव्हिओंची खुर्ची फिरली. इतक्या दिवसांत ते पहिल्यांदाच त्या बाजूला तोंड करून बसले. "आणि मी अपहरण लिहिलं होतं," ते म्हणाले. "वॉरंट नाही, कोर्ट नाही, पायजम्यावर नेलेला माणूस. कोर्टाचा पुळका फक्त आपल्या गावापुरता असतो वाटतं काही लोकांना."

मग जे भांडण झालं, ते खालच्या मजल्यावरच्या ग्रंथपालाने दार लावून घेण्याइतकं मोठं होतं. बाईंचा आरोप, याने माझी खूण बदलली. लिव्हिओंचा आरोप, हिने माझी बदलली. शिवाय हालचाल हा शब्द मास्तरणींनाच सुचेल, ट्रकमध्ये कोंबलेल्या माणसाची सहल करून टाकायला. बाईंनी टेबलावरचा कॉफीचा कप उचलला. तो फेकणार की पिणार, हे त्यांचं त्यांनाही ठाऊक नसावं. ओंदिना मध्ये उभी राहिली आणि तिने त्यांना सांगितलं, की तुमच्यापैकी कुणीही एकमेकांच्या खुणांना हात लावू शकत नाही. तशी सोयच ठेवलेली नाही. हात लावू शकतं असं एकच माणूस या इमारतीत आहे.

 मग बाईंनी कॉफी प्यायली.

देपांगेरांनी काहीच नाकारलं नाही. ते आपल्या खोलीत संत्रं सोलत बसले होते. साल त्यांनी एका अखंड पट्टीत काढली, कागदावर ठेवली आणि मग म्हणाले, की जिथे दोघांचं जुळत नाही तिथे दोन्ही खुणा झाडावर मागे सरकवायच्या, जिथे दोन्ही फांद्या एकत्र येतात त्या खोडापर्यंत. मान्यताप्राप्त रीत आहे ही. तुम्हीच तुमच्या लेखात तिची चर्चा केली आहे.

"रीत मोजताना वापरायची आहे," ओंदिना म्हणाली, "आणि वापरली असं सांगून. तुम्ही मूळ खुणाच पुसल्या. माझ्या हाती दिल्या त्या तुमच्या आहेत, त्यांच्या नाहीत."

"मी एक अक्षर खोटं लिहिलेलं नाही. अटक ही हालचाल आहे. अपहरण हीसुद्धा हालचालच. दोघांनाही मान्य व्हावं असं सत्य एवढंच उरतं, की माणूस इथून तिथे गेला."

"गेला नाही, प्रोफेसर. नेला."

त्यांनी संत्र्याची फोड खाली ठेवली. "कुणी नेला आणि कुठल्या अधिकाराने नेला, हे विचारलं की या शहरात लोक खुर्च्या उचलतात. तू इथे नव्हतीस. खालच्या सभागृहात मी ही पत्रं वाचून दाखवत होतो, तेव्हा दोन म्हातारे एकमेकांच्या अंगावर गेले. एकाचं कंबरेचं हाड मोडलं, तो पुन्हा चालला नाही. मी त्याला दवाखान्यात भेटायला गेलो, तर त्याच्या मुलाने माझ्या तोंडावर थुंकून सांगितलं, की तुमच्या कागदांनी हे केलं. त्या दिवशी ठरवलं मी. माझ्या झाडावर कुणाचा हात कुणाच्या गळ्यापर्यंत पोचणार नाही."

त्यांचं बोलणं ऐकताना क्षणभर ओंदिनाला त्यांची दया आली. पण पुढच्याच वाक्याला त्यांनी ती घालवली. तू हे पत्रांसाठी करत नाहीयेस, ते म्हणाले. तू माझा हिशेब चुकता करायला आलीस आणि ते सगळ्यांना ठाऊक आहे. सभ्यपणे तळटीप दे, रीत अमुक वापरली म्हणून, आणि जा.

ते पुन्हा "तू"वर आले होते. या वेळी त्यात जुनी ओळख नव्हती, नुसतं खाली दाखवलेलं बोट होतं.

त्या दुपारी बंदराजवळच्या एका खानावळीत उकडलेलं डुकराचं मांस आणि आंबट कोबी पुढ्यात घेऊन ती बसून राहिली. आपण हिशेब चुकता करायला आलो आहोत का? हो, आलो होतो. हे तिने स्वतःशी कबूल केलं. पण म्हणून त्या खुणा पुसल्या गेल्याच नाहीत असं तर होत नव्हतं ना? दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, आणि त्यांतली एक दुसरीला बाटवत होती.

अहवाल तिने चोख लिहिला. कोणत्या फांदीवर काय झालं, मूळ खुणा कशा असाव्यात, त्या संस्थेच्या जुन्या प्रतींतून कशा परत आणता येतील. तेवढ्यावर थांबली असती तर बरं झालं असतं. पण शेवटच्या पानावर तिने एक वाक्य घातलं: 'ही वर्गरचना पत्रांतला मजकूर नोंदवत नाही, ती आपल्या निर्मात्याचा भित्रेपणा नोंदवते.' ते तिने दोनदा खोडलं. तिसऱ्यांदा लिहिलं तेव्हा ते तिला इतकं आवडलं, की तिने अहवाल तसाच पाठवून दिला.

प्रतिष्ठानाच्या संचालक एल्दा झानिएर यांनी सगळ्यांना बोलावलं. बैठकीत देपांगेरांनी खुणांबद्दल चकार शब्द काढला नाही. ते उठले, चष्मा लावला आणि ते एकच वाक्य मोठ्याने वाचलं. मग कागद घडी करून खिशात घातला आणि म्हणाले, की ज्या परीक्षकाला रचनेपेक्षा माणूस पाडण्यात रस आहे, तिच्या आकड्यांवर किती विश्वास ठेवायचा ते आपण ठरवा. टेबलाभोवती माना हलल्या. झानिएरबाईंनी ओंदिनाला विचारलं, की हे वाक्य शास्त्रीय निष्कर्ष आहे का? ओंदिनाला नाही म्हणावं लागलं.  इतक्या मेहनतीने उभं केलेलं प्रकरण तिच्याच हाताने जमीनदोस्त झालं होतं, आणि समोरचा माणूस तिच्याकडे बघतही नव्हता.

झानिएरबाई पुढचा विषय घेणार, तेवढ्यात लिव्हिओ क्रेव्हातिन उभे राहिले. त्यांना नुसतं हजर राहायला सांगितलं होतं, बोलायला नाही. कोटाची बटणं लावून, जकात खात्यात साहेबासमोर उभे राहत असतील तसे ते उभे राहिले.

"वाक्याचं तुमचं तुम्ही बघा," ते म्हणाले. "मी त्या पत्रावर अपहरण लिहिलं होतं. मरेपर्यंत अपहरणच म्हणेन. या बाईंनी अटक लिहिलं. ते साफ चूक आहे, आणि त्या हट्टाने चूक करतात, मुलांनाही तेच शिकवलं असेल." ते थांबले. बोलायचं नकोसं झाल्यासारखा त्यांचा आवाज उतरला. "पण त्यांनी ते लिहिलं होतं. मी कधी त्यांचं काम पुसलं नसतं. प्रोफेसरांनी दोघांचंही पुसलं."

सगळ्यांनी मिलोयकाबाईंकडे पाहिलं. त्या बसूनच बोलल्या.

"क्रेव्हातिन खोटारडे नाहीत," त्या म्हणाल्या. "बाकी सगळं आहेत." मग त्या देपांगेरांकडे वळल्या. "भांडण मिटवायचं होतं तर आम्हाला विचारायचं. आम्ही नाही म्हटलं असतं. पण विचारायचं."

देपांगेरांनी पहिल्यांदाच मान खाली घातली. ते म्हणाले, की मी तुम्हाला एकमेकांपासून वाचवत होतो. त्यावर दोघांनी एकाच वेळी तोंड उघडलं, एकमेकांकडे रागाने पाहिलं आणि दोघंही बोलायचे थांबले.

निर्णय व्हायला काही आठवडे गेले. मूळ खुणा परत आणायच्या. जिथे जुळत नाही तिथे दोन्ही ठेवायच्या, शेजारी शेजारी, लावणाऱ्याच्या नावासकट. झाडात नवे वर्ग घालायला एक समिती. ओंदिनाचा अहवाल स्वीकारला गेला, ते एक वाक्य वगळून. झानिएरबाईंनी तिचे आभार मानले आणि पुढच्या फेरीला दुसरा परीक्षक बघितला आहे असंही सांगितलं. तिने कारण विचारलं नाही.

देपांगेरांनी झाडावरून आपलं नाव काढून घेतलं. जे खोडापाशी एकत्र येत नाही त्याला मी झाड म्हणत नाही, त्याला काटेरी झुडूप म्हणतात, असं त्यांनी पत्रात कळवलं आणि ते मुलीकडे पादुआला राहायला गेले. जाण्यापूर्वी एकदा कालव्याकाठच्या कॉफीच्या दुकानात ओंदिना त्यांच्या शेजारीच उभी होती. तिने नमस्कार केला. त्यांनी उत्तर दिलं नाही, पण निघूनही गेले नाहीत. कप रिकामा होईपर्यंत उभे होते. मग म्हणाले, "नुसते आकडे दिले असतेस, तर मला तोंड उघडायला जागा नव्हती. इतकं चांगलं काम करून शेवटी जीभ सैल सोडलीस." ते बरोबर बोलत होते आणि ते तिला असह्य झालं. तुम्हीही चांगलंच काम केलं होतंत, असं तिने म्हटलं, त्यांना लागेल अशा आवाजात. त्यांना ते लागलं. एवढीच त्यांची शेवटची भेट.

खोलीतलं काम चालू राहिलं. मिलोयकाबाईंच्या अर्जावरून समितीने 'ओलिसांची हत्या' हा वर्ग झाडात घातला आणि जुन्या खुणा ज्याच्या त्याने पुन्हा तपासाव्यात असं कळवलं. लिव्हिओंनी बरेचसे देहदंड तसेच ठेवले. बाईंच्या गावच्या पत्रावर मात्र त्यांनी नवा वर्ग लावला. कुणाला सांगितलं नाही. बाईंच्या ते दोन दिवसांनी लक्षात आलं. त्यांनी संगणकाच्या पडद्यावरची खूण पुन्हा वाचली. चष्मा काढून पुसला.

"उशीर केला," त्या भिंतीला म्हणाल्या.

लिव्हिओंनी मान वळवली नाही. दुपारी बाईंनी ब्रूनोच्या पत्रावरची त्यांची अपहरणाची खूण चूक असल्याची हरकत नव्याने नोंदवली, तीन पानी, आणि लिव्हिओ संध्याकाळपर्यंत तिला उत्तर लिहीत बसले.